चोवीस तासांत ॲप : वीज किती दूर पडली?

‘हॅकॅथॉन’ हा शब्द वृत्तपत्रांतून तुम्ही वाचला असेल. अमुक महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी रात्रभर जागून मोबाइलचे ॲप तयार केले व बक्षीस मिळवले, अशा बातम्या अधूनमधून येतात. त्या वाचून दोन शंका मनात येणे साहजिक आहे. ज्या कामाला मोठ्या कंपन्यांना महिनेच्या महिने लागतात, ते चार-सहा मुले एका दिवसात कसे करतात? आणि असे घाईत केलेले ॲप विश्वास ठेवण्याजोगे असते काय?

या शंकांचे उत्तर मिळवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे एक ॲप स्वतः रचून पाहणे. या लेखात आपण तेच करणार आहोत. जवळ फोन वा संगणक नसला तरी अडत नाही. निम्म्याहून अधिक काम कागद, पेन्सिल आणि डोके यांनीच होते, हे तुमच्या लवकरच लक्षात येईल.

हॅकॅथॉन म्हणजे काय?

हा शब्द ‘हॅक’ आणि ‘मॅरॅथॉन’ या दोन शब्दांच्या जोडाने बनला आहे. मॅरॅथॉन ही लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत तुम्हांला ठाऊक आहेच. ‘हॅक’ म्हटले की दुसऱ्याच्या संगणकात चोरून शिरणे एवढेच आपल्याला आठवते. परंतु संगणकाच्या क्षेत्रात या शब्दाचा दुसरा अर्थही आहे. हाताशी असलेली साधने वापरून एखादी अडचण हुशारीने सोडवणे, हा तो अर्थ. ठरावीक वेळेत, एकत्र जमून, सलग काम करून एखादी आज्ञावली किंवा यंत्र तयार करण्याच्या मेळाव्याला हॅकॅथॉन म्हणतात.

हा शब्द १९९९ सालच्या जून महिन्यात रूढ होऊ लागला. त्या महिन्यात कॅनडातील कॅलगरी या शहरी ‘ओपनबीएसडी’ या संगणक-प्रणालीवर काम करणारे दहा जण एकत्र जमले होते. संदेश गुप्त राखणाऱ्या आज्ञावलींच्या निर्यातीवर अमेरिकेत त्या वेळी कायद्याची बंधने होती, म्हणून हे काम त्यांनी अमेरिकेबाहेर केले. त्याच महिन्यात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या परिषदेत जॉन गेज यांनी उपस्थितांना एक आव्हान दिले. ‘पाम फाइव्ह’ या तळहातावर मावणाऱ्या छोट्या संगणकासाठी परिषदेच्या काळातच आज्ञावली लिहून दाखवा, असे ते आव्हान होते. म्हणजे हातातल्या यंत्रासाठी झटपट ॲप करण्याची ही कल्पना आजच्या मोबाइल फोनहूनही जुनी आहे.

आपल्या देशात २०१७ पासून ‘स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन’ होऊ लागली. सरकारी खात्यांनी मांडलेल्या खऱ्याखुऱ्या अडचणींवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे संघ तोडगा शोधतात. संघात सहा जण असतात व त्यांत किमान एक विद्यार्थिनी असावी, असा नियम आहे. आज्ञावलीच्या स्पर्धेची अंतिम फेरी सलग ३६ तासांची असते.

एका रात्रीत काय होते?

आता एक गाजलेले उदाहरण पाहू. मे २०१० मध्ये न्यूयॉर्क येथे ‘टेकक्रंच डिसरप्ट’ या परिषदेला जोडून एक हॅकॅथॉन झाली. तीत जॅरेड हेक्ट आणि स्टीव्ह मार्टोची या दोघांनी एका रात्रीत एक सेवा तयार केली. मित्रांचा गट करायचा आणि एकाने पाठवलेला संदेश गटातील सर्वांच्या फोनवर एकदम पोचवायचा, एवढेच तिचे काम होते. पुढे ती ‘ग्रुपमी’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि ऑगस्ट २०११ मध्ये स्काइप या कंपनीने ती विकत घेतली.

हे एका रात्रीत कसे जमले? संदेश फोनपर्यंत पोचवण्याची यंत्रणा त्या दोघांनी नव्याने उभारली नाही. ‘ट्विलिओ’ नावाच्या कंपनीची ती सेवा तयार होती, ती त्यांनी वापरली. गवंडी घर बांधताना विटा भाजत बसत नाही. विटा भट्टीवरून येतात. हॅकॅथॉनमध्येही तयार विटा असतात. फोनमध्ये घड्याळ असते, ध्वनिग्राहक असतो, ठिकाण ओळखणारी सोय असते. या विटा कशा रचायच्या, एवढेच आपल्याला ठरवायचे असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्यांनी एकच काम निवडले आणि बाकीचे सोडून दिले. वेळ थोडा असला म्हणजे काय करायचे यापेक्षा काय करायचे नाही, हे आधी ठरवावे लागते. आपण रचणार आहोत त्या ॲपमध्ये या गोष्टीचा अनुभव पावलोपावली येईल.

आपला प्रश्न

समजा, तुम्ही चौघे जण २४ तासांच्या हॅकॅथॉनमध्ये भाग घेतला आहे आणि विषय मिळाला आहे : ‘पावसाळ्यातील सुरक्षितता’. विषय फारच मोठा आहे. त्यात पूर आहे, दरडी आहेत, साथीचे रोग आहेत, विजाही आहेत. यांपैकी एकच निवडा. आपण वीज निवडू.

हा विषय किरकोळ नव्हे. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख ब्यूरोच्या नोंदींप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात वीज पडून २,८८७ माणसे मृत्युमुखी पडली. महाराष्ट्रातही वळवाच्या पावसात शेतात काम करणारी माणसे, गुराखी आणि झाडाखाली आसऱ्याला उभे राहिलेले वाटसरू यांना विजेने गाठल्याच्या बातम्या दर वर्षी येतात.

परंतु ‘विजेपासून बचाव’ हाही प्रश्न एका दिवसासाठी मोठाच आहे. तो आणखी लहान करू. वीज चमकली, मग गडगडाट झाला. तर ती वीज किती दूर पडली आणि आता मी काय करावे? या एका प्रश्नाचे उत्तर देणारे ॲप आपण करायचे.

त्यामागचे विज्ञान

वीज आणि गडगडाट एकाच वेळी निर्माण होतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर आहे. पाच किलोमीटरवरून प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साठ हजारावा भाग लागतो. म्हणजे वीज चमकते त्याच क्षणी ती आपल्याला दिसते, असे मानायला हरकत नाही. आवाज मात्र हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने येतो. म्हणून :

अंतर (मीटर) = ३४० × वीज दिसणे व गडगडाट ऐकू येणे यांमधील काळ (सेकंद)

तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर, हा हिशेब तोंडी करण्यास सोपा आहे. सहा सेकंद म्हणजे दोन किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर.

हवेतील आवाजाचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो. त्याचे साधे सूत्र असे : वेग = ३३१ + (०.६ × तापमान अंश सेल्सिअस). दहा अंशांना हा वेग ३३७ मीटर होतो आणि पस्तीस अंशांना ३५२ मीटर. मग ॲपने तापमानही विचारावे काय? हिशेब करून पाहा. काळ सहा सेकंद असेल, तर दहा अंशांना अंतर २,०२२ मीटर येते आणि पस्तीस अंशांना २,११२ मीटर. फरक केवळ ९० मीटरांचा आहे. वीज दोन किलोमीटरवर पडली काय किंवा त्याहून ९० मीटर पुढे पडली काय, आपण करायचे ते एकच : आत जायचे. तेव्हा तापमान सोडून द्या. ही पहिली काटछाट झाली.

याच कारणाने ॲपने ‘२,०४१.७ मीटर’ असे उत्तर देऊ नये. इतके बारीक उत्तर पाहून वापरणाऱ्याला वाटेल की मोजमापही तितकेच बारीक आहे, आणि ते खरे नाही. ‘सुमारे २ किलोमीटर’ हेच प्रामाणिक उत्तर.

काय टाकायचे?

आता चौघे बसले की कल्पनांचा पाऊस पडतो. एक म्हणतो, नकाशा दाखवू. दुसरी म्हणते, भोंगा वाजवू. तिसरा म्हणतो, मित्रांना आपोआप संदेश पाठवू. चौथी म्हणते, फोनने गडगडाट स्वतःच ओळखला पाहिजे.

प्रत्येक कल्पनेला दोन प्रश्न विचारा. हिच्यावाचून आपला मूळ प्रश्न सुटतो का? ही उद्या सकाळपर्यंत नीट होईल का?

नकाशा घ्या. वीज किती दूर पडली हे आपल्याला कळते. कोणत्या दिशेला पडली हे आपले ॲप सांगू शकत नाही. मग नकाशावर काय दाखवणार? फक्त एक वर्तुळ. नकाशा रद्द. गडगडाट आपोआप ओळखणे ही कल्पना फार आकर्षक आहे. पण गडगडाट, मालमोटारीची घरघर आणि दार आपटल्याचा आवाज यांतील फरक फोनला शिकवणे हे एका रात्रीचे काम नव्हे. तेही रद्द. माणसाचा कान हे काम उत्तम करतो. त्याला फक्त एक बटण द्या.

शेवटी उरते ते एवढेच : दोन बटणे, एक घड्याळ, एक गुणाकार आणि तीन संदेश. ‘एवढेच?’ असे तुम्ही म्हणाल. होय, एवढेच. आणि एवढे नीट करायला रात्र पुरत नाही, हे आता दिसेल.

आधी कागदावर

पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. हा झाला फोनचा पडदा. त्यावर मोठे बटण काढा : ‘वीज दिसली’. दुसऱ्या कागदावर काढा : ‘गडगडाट ऐकला’. तिसऱ्यावर उत्तर : ‘सुमारे __ किलोमीटर’ आणि त्याखाली सूचना. आता ज्याला आपल्या कामाची काही कल्पना नाही अशा एखाद्याला बोलवा व पहिला कागद हाती द्या. एक शब्दही समजावून सांगू नका. तो बोटाने ‘बटण’ दाबील, तसा तुम्ही पुढचा कागद ठेवा. तो कोठे अडतो, कोणता शब्द त्याला कळत नाही, हे टिपून घ्या.

या कागदी खेळात अनेक चुका आधीच सापडतात. उदाहरणार्थ, दोन्ही बटणे एकाच वेळी पडद्यावर असली तर घाबरलेला माणूस भलतेच बटण दाबतो. म्हणून एका वेळी एकच बटण दाखवावे. कागद फाडून नवा काढायला एक मिनिट पुरते. तयार आज्ञावली बदलायला तास जातो.

सांगकाम्याला आज्ञा

संगणक हा पक्का सांगकाम्या आहे. सांगितले तेवढेच करील, न सांगितलेले कधीही करणार नाही. त्यामुळे प्रत्येक पायरी त्याला सांगावी लागते. आपली आज्ञावली साध्या मराठीत अशी होईल :

१. ‘वीज दिसली’ हे बटण दाखव.
२. ते दाबले की घड्याळातील वेळ ‘पहिली वेळ’ या नावाने लिहून ठेव.
३. ते बटण लपव. ‘गडगडाट ऐकला’ हे बटण दाखव.
४. ते दाबले की घड्याळातील वेळ ‘दुसरी वेळ’ म्हणून लिहून ठेव.
५. दुसऱ्या वेळेतून पहिली वेळ वजा कर. हा झाला ‘काळ’.
६. काळाला ३४० ने गुण, १,००० ने भाग. हे झाले किलोमीटर.
७. काळ ३० सेकंद किंवा कमी असेल तर पहिला संदेश दाखव. ३० हून जास्त पण ६० पर्यंत असेल तर दुसरा. ६० सेकंदांत बटण दाबलेच नाही तर तिसरा संदेश दाखव आणि पायरी १ वर जा.

पायरी २ आणि ४ पुन्हा वाचा. आपण सेकंद एक-एक करून मोजत बसलो नाही. दोन वेळा टिपल्या आणि वजाबाकी केली. यामागे कारण आहे. मध्येच कुणाचा फोन आला आणि आपले ॲप मागे ढकलले गेले, तर मोजणी थांबू शकते. घड्याळ मात्र चालूच राहते. त्यामुळे वजाबाकी बरोबर येते. आगगाडीचा प्रवास किती वेळ झाला हे आपण डोळे मिटून सेकंद मोजून काढत नाही. सुटल्याची व पोचल्याची वेळ पाहतो. तसेच हे आहे.

ही आज्ञावली फोनवर चढवण्यासाठी तुम्हांला अवघड संगणकीय भाषा यायलाच हवी असे नाही. ‘ॲप इन्व्हेंटर’ नावाचे साधन विनामूल्य मिळते. ते गूगलने २०१० मध्ये आणले, आणि पुढे ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेकडे गेले. त्यात आज्ञा लिहायच्या नसतात. रंगीत ठोकळ्यांच्या रूपातील आज्ञा एकमेकींत अडकवायच्या असतात. बटण, घड्याळ, अक्षरांची पट्टी हे सारे तयार मिळते. त्यातील घड्याळ वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात देते, म्हणून आलेल्या काळाला १,००० ने भागायला विसरू नका. विसरलात तर दोन किलोमीटरवरची वीज दोन हजार किलोमीटरवर जाईल!

वीज नसताना चाचणी

हॅकॅथॉनच्या दिवशी आकाश निरभ्र असले तर ॲप तपासायचे कसे? मैदानाच्या टोकाला थाळी वाजवून हे जमणार नाही. १७० मीटरांवरून आवाज यायला अर्धा सेकंद लागतो, आणि पाहून बटण दाबायलाच आपल्याला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. म्हणून खोट्या विजेचा उपयोग करावा. एकाने विजेरी लुकलुकवायची आणि दुसऱ्या घड्याळात पाहून ठरलेल्या सेकंदांनी टाळी वाजवायची. दुसऱ्याने ॲप चालवायचे. उत्तर काय यायला हवे, हे आधीच लिहून ठेवा :

३ सेकंद – सुमारे १ किलोमीटर
६ सेकंद – सुमारे २ किलोमीटर
१५ सेकंद – सुमारे ५ किलोमीटर
३० सेकंद – सुमारे १० किलोमीटर
टाळीच नाही – एका मिनिटाने तिसरा संदेश

हे जमले म्हणजे चाचणी संपली असे समजू नका. खरी चाचणी यापुढे आहे. ॲप मुद्दाम वेडेवाकडे वापरून पाहा. बटण दोनदा दाबा. मध्येच फोन बंद करून चालू करा. ओल्या बोटांनी दाबा; पावसात बोटे ओलीच असतात. वीज दिसल्यावर खिशातून फोन काढायला दोन सेकंद लागले तर काय होईल? काळ दोन सेकंदांनी कमी भरेल आणि वीज ६८० मीटर अधिक जवळ दिसेल. ही चूक सावधगिरीच्या बाजूची आहे, ती चालेल. गडगडाटाचे बटण उशिरा दाबले तर मात्र वीज आहे त्याहून दूर दिसेल. म्हणून पडद्यावर लिहा : ‘पहिला आवाज येताच दाबा.’ वीज ही काही किलोमीटर लांबीची असते आणि तिच्या लांबच्या भागांचा आवाज नंतर येत राहतो. त्यामुळे गडगडाट बराच वेळ चालतो; पहिला आवाज हा सर्वांत जवळच्या भागाचा असतो.

आता याहून अवघड प्रसंग. पहिली वीज १० किलोमीटरवर चमकली. तिचा आवाज २९.४ सेकंदांनी यायचा आहे. आठ सेकंदांनंतर दुसरी वीज दीड किलोमीटरवर पडली. तिचा आवाज ४.४ सेकंदांत, म्हणजे सुरुवातीपासून १२.४ सेकंदांनी आला. वापरणाऱ्याने पहिल्याच विजेला बटण दाबले होते. आता आवाज येताच त्याने दुसरे बटण दाबले. ॲप सांगेल : सुमारे ४ किलोमीटर. खरे अंतर आहे दीड किलोमीटर!

ही चूक धोक्याच्या बाजूची आहे, आणि कोणता आवाज कोणत्या विजेचा हे आपले ॲप ओळखू शकत नाही. मग काय करायचे? उत्तर संदेशात आहे.

ॲपने काय बोलू नये

पहिला संदेश ३० सेकंदांपर्यंत, म्हणजे सुमारे १० किलोमीटरपर्यंत, एकच ठेवा : ‘धोका! ताबडतोब पक्क्या घरात किंवा छत असलेल्या बंद मोटारीत जा. झाडाखाली थांबू नका.’ आता वरची चूक झाली तरी बिघडत नाही. उत्तर चार किलोमीटर आले काय आणि दीड आले काय, सूचना तीच मिळते. आकडा चुकला तरी सल्ला चुकू नये, अशी रचना केली पाहिजे.

दुसरा संदेश कोणता असावा? ३० ते ६० सेकंद म्हणजे वीज १० ते २० किलोमीटरवर आहे. येथे ‘तुम्ही सुरक्षित आहात’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो टाळा. वादळाच्या ढगापासून १५ किलोमीटर आणि कधी त्याहूनही दूर, जेथे डोक्यावर ढगही नाही अशा जागी वीज पडू शकते. म्हणून हवामानशास्त्रज्ञ सांगतात की गडगडाट ऐकू आला, म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. तेव्हा दुसरा संदेश असा : ‘वादळ जवळ आहे. आत्ताच आत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे आतच थांबा.’

आणि आवाज आलाच नाही तर? तेव्हाही ‘सुरक्षित’ म्हणायचे नाही. वाऱ्यामुळे, पावसाच्या आवाजामुळे किंवा अंतरामुळे गडगडाट ऐकू न येणे शक्य आहे. तिसरा संदेश : ‘मोजणी झाली नाही. पुन्हा मोजा. ढग दाटले असतील तर आत जा.’

म्हणजे आपल्या ॲपमध्ये ‘सुरक्षित’ हा शब्दच नाही! विचार करा, कोणी तरी रानात उभा आहे आणि फोनने त्याला ‘सुरक्षित’ म्हणून सांगितले. तो काम करीत राहिला. त्या एका शब्दाची जबाबदारी कोणाची? ज्याने तो लिहिला त्याची. जे आपल्याला ठाऊक नाही ते यंत्राच्या तोंडून वदवू नये, हा नियम हॅकॅथॉनच्या घाईत सर्वांत आधी मोडला जातो.

पहिल्या पडद्यावर आणखी एक ओळ हवी : ‘आधी आत जा, मग मोजा.’ मोबाइल फोन विजेला ओढून घेतो ही समजूत खरी नाही. परंतु फोन हाती धरून उघड्यावर उभे राहणे धोक्याचेच आहे, ते उघड्यावर असण्यामुळे. घरातही फोन भारणाच्या तारेला जोडलेला असताना हाती धरू नये.

चोवीस तासांची वाटणी

हॅकॅथॉन सकाळी दहाला सुरू झाली असे धरू. वेळ अशी वाटता येईल :

सकाळी १० ते १२ – प्रश्न ठरवणे व काटछाट
दुपारी १२ ते २ – कागदी ॲप व जेवण
२ ते ८ – ठोकळे रचणे
रात्री ८ ते ९ – जेवण
९ ते १२ – विजेरी-टाळीची चाचणी व दुरुस्ती
१२ ते ५ – झोप
पहाटे ५ ते ८ – अनोळखी माणसाकडून चाचणी, संदेशांची भाषा
सकाळी ८ – काम बंद
८ ते १० – परीक्षकांपुढे सांगण्याचा सराव

कामेही वाटून घ्या. एकाने ठोकळे रचावेत, एकीने पडदे व शब्द पाहावेत, एकाने केवळ चुका शोधाव्यात आणि एकीने विज्ञानाची माहिती पडताळून सादरीकरण तयार करावे. चुका शोधणारा हा संघाचा शत्रू नव्हे. त्याला सापडलेली प्रत्येक चूक ही परीक्षकांना न सापडणारी चूक असते.

झोपेचे पाच तास पाहून हसू नका. जागरणाने डोके मंद होते आणि एक दोष काढताना दोन नवे शिरतात. तसेच सकाळी आठनंतर आज्ञावलीला हात लावू नका. ‘एवढे एकच बटण सुधारतो’ म्हणता म्हणता शेवटच्या घटकेला चालते ॲप बंद पडल्याचे प्रकार हॅकॅथॉनमध्ये नेहमी घडतात. चालत असलेल्या ॲपची प्रत प्रत्येक टप्प्यावर वेगळी जपून ठेवावी.

नमुना आणि पक्के साधन

आता सुरुवातीच्या दुसऱ्या शंकेकडे वळू. असे ॲप विश्वास ठेवण्याजोगे असते काय? हॅकॅथॉनमध्ये तयार होतो तो नमुना. कल्पना चालते, एवढे त्याने सिद्ध होते. ती सर्वांच्या हाती देण्याजोगी होण्यासाठी पुढे पुष्कळ काम करावे लागते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आपल्या नमुन्याशी ताडून पाहा. वीज चमकते तेव्हा रेडिओ लहरीही निघतात. देशभर बसवलेली ग्राहक-यंत्रे त्या टिपतात. एकच लहर निरनिराळ्या केंद्रांवर किंचित निरनिराळ्या वेळी पोचते आणि त्या वेळांतील फरकावरून वीज कोठे पडली हे काढता येते. तत्त्व आपलेच आहे : वेळेतील फरकावरून अंतर. पण आवाजाऐवजी तेथे प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या लहरी आहेत. आपण एका सेकंदाने चुकलो तर ३४० मीटरांनी चुकतो. तेथे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे ३०० मीटरांची चूक! म्हणूनच अशा कामाला केंद्रांचे जाळे, अचूक घड्याळे आणि कित्येकांची वर्षांची मेहनत लागते. ते एका रात्रीत होत नाही.

मग आपला नमुना निरुपयोगी का? मुळीच नाही. त्याला इंटरनेट लागत नाही, आणि शाळेतील प्रत्येकाला तो समजतो. महत्त्वाचे म्हणजे, यंत्राला काय सांगावे आणि त्याच्याकडून काय वदवू नये याचा विचार तुम्ही एकदा केलात, की दुसऱ्यांनी केलेली ॲपही तुम्ही अधिक डोळसपणे वापराल.

करून पाहा

१. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे मोजणारी सोय ॲपमध्ये घालायची आहे. मध्येच पुन्हा गडगडाट झाला तर काय व्हावे? पायऱ्या लिहा.

२. वापरणारा वाचू शकत नसेल तर तिन्ही संदेश कसे द्याल? कागदी पडदे काढा व घरातील वडीलधाऱ्यांना वापरायला द्या.

३. काळ ९ सेकंद असताना १५ अंश आणि ४० अंश तापमानाला अंतर किती येईल? या फरकाने सूचना बदलावी लागेल का?

४. तुमच्या गावातील एक अडचण निवडा. ती सोडवणाऱ्या ॲपसाठी दहा सोयी लिहा आणि त्यांतील आठ कारण देऊन खोडा.

शिक्षकांसाठी : हा पाठ दोन तासिकांत घेता येतो. पहिल्या तासिकेत चौघाचौघांचे गट करून चौथा प्रश्न द्यावा आणि कागदी ॲप करून घ्यावे. दुसऱ्या तासिकेत गटांनी एकमेकांचे ॲप, काहीही न समजावता, वापरून पाहावे व चुकांची यादी करावी. सोयींच्या संख्येला गुण न देता खोडलेल्या सोयींच्या कारणांना गुण दिल्यास विद्यार्थ्यांना या कामाचे मर्म लवकर कळते.